जागेश्वरचा उलटा हात

हे कोणी मानणार नाही, मला आधीच मालूम आहे. तरी सांगतो. नवेगाव बांधच्या तलावानं एका साली वॉटर पोलोचा असा संघ काढला, की नागपूरच्या त्या पोहायच्या फरशीवाल्या टाक्याचं पाणी अजून आमचं नाव ऐकून हलते. आणि त्या संघाचा कोच होता मनिराम. म्हणजे मी.

परवा सांगायला मोकाही झकास मिळाला. चिचगडच्या एसटीचं चाक नेमकं कलाबाईच्या चहाटपरीपुढं बसलं. ड्रायव्हर स्टेपनीशी झटू लागला. कंडक्टर शालीकराम येऊन बाकावर टेकला. त्याच्या पलीकडे एक बाई बसली, मांडीवर पिशवी, तोंडाला कुलूप. अडकलेली माणसं दिसली की मला बोलायचा हुरूप येतो. ती उठून जाणार कुठं?

"वॉटर पोलो म्हणजे का होते जी?" शालीकरामनं विचारलं. "घोड्यावर बसून खेळते तोच का?"

"घोडा बुडून नाही जाईल का गा? हा माणसांचा खेळ. सात इकडले, सात तिकडले. दोन टोकाले दोन गोल. चेंडू एकाच हातानं धराचा अन् खाली पाय टेकवाचा नाही. टेकवला का पंच शिट्टी मारते."

"मंग माणूस उभा कसा राहते?"

"पायानं ताक घुसळते. एक पाय असा फिरवाचा, दुसरा तसा. वरतं छातीपर्यंत बाहेर, खालतं रवी सुरू."

कलाबाईनं किटलीवरचं फडकं झटकलं. "अन् तुमी पोहाले कवा शिकले, मनिरामभाऊ? मागच्या साली बोडीच्या पाण्यात पाय घसरला, तं दोघांनी ओढून काढलं तुमाले."

"कोचले पोहा लागत नाही वो. कोचले दिसा लागते."

हे बोलून मी पुढं सरकलो, कारण अशा ठिकाणी थांबलं की गोष्ट थंड होते.

साल दोन हजार सात. शाळेतले खेळाचे भूपेंद्र सर कुठल्याशा बैठकीला जाऊन आले आणि म्हणाले, राज्याच्या वॉटर पोलो स्पर्धेत आपल्याही जिल्ह्यानं उतरायचं. तलाव आपला, पोहणारे आपले, आणखी काय पाहिजे? कोच पाहिजे होता. मी तेव्हा सहलीच्या बोटींवर चौकीदार. साऱ्या गावात शिट्टी एकट्या माझ्याजवळ. सरांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि मी कोच झालो.

खेळाडू म्हणून तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांचे पोट्टे घेतले. त्यांतला पहिला जागेश्वर. खांदे असे, की डोंग्यात बसला की डोंगा एका बाजूला कलायचा. त्याला वनरक्षक व्हायचं होतं. धावण्यात तो सगळ्यांच्या पुढं, पण लेखी परीक्षेत दर भरतीला आपटायचा. आणि त्या सालानंतर वय उलटून जाणार होतं. एकच दार उघडं उरलं होतं, ते खेळाडूंच्या राखीव जागेचं. त्यासाठी राज्य स्पर्धेत पहिल्या तिनांत नंबर आणायचा. बाकीचे पोट्टे नागपूर पाहायला निघाले होते, जागेश्वर नोकरी आणायला.

"मंग शिकवलं कसं तुमी?" शालीकराम.

"शिकवाले समोर दुसरा संघ लागते. तो कुठून आणू? तं पाणमांजरी आल्या."

"कोण आल्या?"

"पाणमांजरी. पहाटे मासे खायला येत. आमचा चेंडू पाहिला अन् घुसल्या खेळात. पहिल्या दिवशी एक-दोन, मंग अख्खं घर. चेंडू हाती आला का खालून पाय ओढत. एक तर अशी बदमाश होती, का माह्या शिट्टीवर थांबे अन् माही पाठ वळली का पुन्हा ओढे. पंचाले फसवणं पोट्टे तिच्याकडूनच शिकले."

"काहीच्या काही!" कलाबाई म्हणाली, पण चहा ओतता ओतता ऐकतच होती. पलीकडची बाई हसलीही नाही. डोळे मात्र माझ्यावरच रोवलेले. मी ते कौतुक समजलो.

गोलाचे खांब आमच्याकडे नव्हते. मग तलावात एक बांबू रोवला, त्याला डोंगा बांधला आणि तोच गोल धरला. इथं जागेश्वरनं मला थक्क केलं. तो डोंग्याकडे पाठ करायचा, चेंडू झेलायचा आणि मान न वळवता खांद्यावरून मागं भिरकावायचा. चेंडू धप्पकन डोंग्यात. पुन्हा झेल, पुन्हा धप्प. एकदाही चुकला नाही. मी म्हटलं, वा रे पठ्ठ्या, ही काय स्टाइल!

नागपूरला कळलं ती काय स्टाइल होती ते.

पहिल्याच मॅचीत जागेश्वरच्या हाती चेंडू आला. समोर त्यांचा गोल, मागं आमचा. यानं झेलला आणि खांद्यावरून दिला मागं. चेंडू आमच्याच गोलकीपरच्या कानावरून आत. सारी गॅलरी हसली. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आमचा गोलकीपर आपल्याच माणसाकडे हात जोडून पाहू लागला. मी जागेश्वरला बाहेर बोलावलं आणि काठावर बसवलं. ती मॅच गेली.

"काऊन गा असा करते तू?" मी विचारलं.

"मले नाही मालूम, काका. हातात आलं का हात आपसूकच मागं जाते."

त्याचा चेहरा रडवेला झाला होता. संघ मोजकेच आले होते, म्हणून हरलेल्या दोघांत तिसऱ्या नंबरची मॅच उरली होती. ती गेली तर वनरक्षकी गेली. भूपेंद्र सर म्हणाले, याला बसवूनच ठेवा. पण मला राहवेना. हात मागं जातो, तो काऊन जातो? मी म्हटलं, उतर पाण्यात. काठावरून त्याच्या अंगावर माझी चप्पल टाकली. झेलली आणि मागं फेकली. साबणाची डबी टाकली. मागं. भूपेंद्र सरांची टोपी टाकली. तीही मागं.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, हा तर मासे धरून राहिला! गळाभर पाण्यात उभा राहून ढिवर जाळ्यातली मरळ हातानं काढते, ती मागच्या डोंग्यात फेकते. वळून पाहत नाही, कारण वळला की दुसरी मरळ निसटते. बापाचा हात मागं, आजाचा हात मागं. त्या हाताला समोर गोल असते हे ठाऊकच नाही.

"बापा बापा!" शालीकरामनं मांडीवर थाप मारली. "मंग हात सुधारवला का?"

"हात कायले सुधारवू? माणूसच फिरवला."

समोरच्या भिंतीवर, त्यांच्या गोलाच्या बरोबर वर, एक मोठं घड्याळ होतं. मी जागेश्वरला म्हटलं, "ते घड्याळ म्हणजे डोंगा. चेंडू घेतला का घड्याळाकडे पाठ कर. बाकी काही ध्यानात ठेवू नको."

मॅच सुरू झाली. जागेश्वर सरळ त्यांच्या गोलापाशी गेला आणि घड्याळाकडे पाठ करून ताक घुसळत राहिला. ते लोक चक्रावले. याचं तोंड भलतीकडं, याला अडवायचं कुठून? पोट्ट्यांनी चेंडू दिला, यानं खांद्यावरून भिरकावला, गोल! पुन्हा दिला, पुन्हा गोल! आधी हसणारी गॅलरी आता त्याच्या नावानं ओरडू लागली. मधली सुट्टी झाली. मी पोट्ट्यांना केळी वाटत होतो, तेवढ्यात पंचानं बोलावलं आणि सारे पुन्हा पाण्यात. त्यांनीही मग जोर केला. गोलामागं गोल फेडत आणले आणि शेवटाला दोन्हीकडे बरोबरी.

आता खेळाचा वेळ संपत आलेला. चेंडू जागेश्वरच्या हाती. दोघं त्याच्या खांद्यावर लोंबकळलेले, तिसऱ्यानं खालून पाय धरलेला. मी काठावरून ओरडलो, "घड्याळाकडे पाठ! फेक, जागेश्वर, फेक!"

"मंग?" शालीकराम बाकाच्या टोकावर आला होता. कलाबाईचा चहा उतू गेला, तिला पत्ता नाही.

"मंग का! फेकला. असा फेकला का गोलाची जाळी फाडून चेंडू पार साहेबांच्या टेबलावर. तिसरा नंबर आपला! जागेश्वरले प्रमाणपत्र भेटलं, प्रमाणपत्रावर नोकरी भेटली. आज चिचगडच्या जंगलात खाकी घालून फिरते. अस्वल येते ना समोर, ते त्याले पाहून पायवाट सोडून देते."

पलीकडच्या बाईनं मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तरी ती उठली नाही.

"लबाड बोलून राहिले तुमी," ती म्हणाली.

"काय झालं वो बाई?" कलाबाईनं विचारलं.

"मधल्या सुट्टीनंतर दोन्ही संघ बाजू बदलते, मावशी. घड्याळाखाली तवा यांचाच गोल होता." मग ती माझ्याकडे वळली. "मी धुरपता. जागेश्वरची बायको. लग्नानंतर तो आमच्याच गावी आला. खाकी नाही घालत, चिचगडच्या बाजारात मच्छी विकते. तो शेवटचा गोल बराबर गेला जी, पण आपल्याच घरात. अन् त्याले काठावरून 'फेक, फेक' कोण म्हणत होतं, तेबी आता तुमीच सांगून टाकलं, कोचसाहेब!"