मुंगीचे दुतोंडी घड्याळ

मी एक जुने, दुतोंडी घड्याळ आहे. दचकू नका, मित्रांनो! माणूस दुतोंडी असला तर वाईट. मला मात्र दोन तोंडे असावीच लागतात. बुद्धिबळ खेळणाऱ्या दोघांच्या मध्ये माझी जागा. एकाने चाल करून माझ्या डोक्यावरची कळ दाबली, की त्याची वेळ थांबते आणि समोरच्याची सुरू होते. ज्याची वेळ संपेल त्याच्या बाजूची लाल झेंडी पडते, आणि तो डाव हरतो.

एका घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून मला जुळवले. माझी दोन्ही तोंडे सारखी चालतात की नाही, हे तो आठवडाभर पाहत होता. "एका बाजूला झुकलंस तर बघ हं," असा दमही त्याने मला भरला.

मला घेतले चित्रकलेच्या एका सरांनी. शाळा सुटली, की ते वाचनालयाच्या माडीवर मुलांना बुद्धिबळ शिकवत. तिथेच मला मुंगी भेटली. वय वर्षे सात. तिची आई रुग्णालयात परिचारिका होती. ड्यूटी संपेपर्यंत ती लेकीला वाचनालयात बसवून जाई. पोर एवढीशी, की कळ दाबायला खुर्चीवर गुडघे टेकून उंच व्हावे लागे. पोरांनी तिचे नावच मुंगी पाडले.

मुंगी माझ्याकडे बघत विचार करत बसे आणि तिची झेंडी पडे. एकदा तर चिडून तिने मला चापटच मारली. "हे घड्याळ दुष्ट आहे!"

सर हसले. "अगं, ते कुणाच्याच बाजूचं नाही. तू सारखी त्याच्याकडे बघतेस. पटाकडे बघ."

ती पटाकडे बघू लागली, आणि मग मोठमोठ्यांच्या नाकी नऊ आले.

एकोणिसाव्या वर्षी ती देशाच्या अजिंक्यपद स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचली. तिथे घड्याळे कमी पडत होती, म्हणून सरांनी मला टॉवेलात गुंडाळून सोबत नेले होते. विजेतेपदासाठी मुंगीला तो डाव जिंकणे भाग होते. समोर होते एक निवृत्त स्टेशनमास्तर, एके काळचे विजेते. डाव बरोबरीत अडकला होता. त्या काकांनी घोडा पुढे ठेवला आणि कळ दाबायला ते विसरले. त्यांची चारच मिनिटे उरली होती, आणि ती मी एकेक करून खात होते. मी तरी काय करणार? बोलता येत असते तर ओरडले असते.

मुंगीने गप्प राहायचे, एवढेच होते. नियमाला ते चालत होते. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा काकांकडे. ते डोळे बारीक करून पट न्याहाळत होते.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमचं घड्याळ चालू आहे."

काकांनी दचकून कळ दाबली. डाव बरोबरीत सुटला, आणि विजेतेपद अर्ध्या गुणाने हुकले.

परतीच्या प्रवासात सोबत आलेल्या आईला राहवले नाही. "कशाला सांगितलंस गं? इतकी वर्षं घासलीस ती कशासाठी?"

"मला त्यांना हरवायचं होतं, आई. त्यांच्या विसराळूपणाला नाही," मुंगी म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून रडली. सरांनी मला मांडीवर घट्ट धरले होते.

पुढच्या वर्षी ती देशाची विजेती झाली. मग लागोपाठ आणखी तीनदा. परदेशांत खेळली, वर्तमानपत्रांत झळकली. दरम्यान बॅटरीवरची घड्याळे आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. खडूंचे खोके माझ्या डोक्यावर, फाटके नकाशे अंगावर. माझी कळ गंजली. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले.

एका दुपारी कपाट उघडले. समोर मुंगी. सरांना अर्धांगवायूचा झटका आला होता; उजवा हात गेला, वाचा गेली. ते कळताच ती परदेशातली एक मोठी स्पर्धा सोडून आली होती. तिने मला पुसले, तेल दिले, सरांच्या खाटेशी नेले आणि पट मांडला.

सरांनी डाव्या हाताने प्यादे उचलले, ते निसटले, पुन्हा उचलले. एका चालीला पाऊण तास लागला. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. चावी दे, असे त्यांना म्हणायचे होते. नियम म्हणजे नियम!

मुंगीने मला उचलून खिडकीत ठेवले. "नको, सर. मला कुठेच जायचं नाहीये. तुम्ही विचार करा."

महिनाभर तो एकच डाव चालला. मी बंद होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला बंद असण्याचे दुःख झाले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगायला हवे. जपाच. पण आमच्यावर धूळ बसली तरी आम्ही थांबू शकतो. तुमच्या घरातले थकलेले माणूस तुमची वाट बघत असेल, तर आधी त्याच्याजवळ जा. आणि जाल तेव्हा घड्याळाकडे बघू नका.