सिनेमातला माणूस घाबरत नाही

वाचनालयाच्या तळघरात, पडद्यावरचा दाढीवाला दंतवैद्य दुसऱ्याच्या लग्नात माइक हातात घेऊन उभा राहिला, तेव्हा एनार टॉलेफसनने खुर्चीतच अंग चोरलं. आता तो भर मेजवानीत फुलवालीला मागणी घालणार होता.

एनारशेजारी बसलेली लवॉन मोठ्याने म्हणाली, "अरे बस की खाली, म्हाताऱ्या! जेवण गार होतंय लोकांचं!"

सगळे हसले. एनारही हसला, पण जरा उशिराच.

सिनेमा त्यानेच निवडला होता. मिनेसोटातल्या त्या छोट्या गावातली म्हातारी मंडळी दर गुरुवारी दुपारी इथे जमत. ज्याने सिनेमा निवडला त्याने शेवटी उठून त्यातलं चांगलं काय आणि उणं काय ते सांगायचं, असा नियम होता. त्या धाकाने एनारने आजवर कधी सिनेमा निवडला नव्हता. गावच्या वर्तमानपत्रात जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक त्याला लांबून दिसे, स्वतःचं वाक्य मात्र घशातच अडके. पण लवॉनच्या अंगणात घर विकायची पाटी लागली होती. ती ॲरिझोनाला बहिणीकडे निघाली होती. नवरा गेल्यापासून ती दर गुरुवारी एनारशेजारच्या खुर्चीत बसायची, आणि एनार केवळ त्या खुर्चीसाठी यायचा. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. साठी उलटलेल्या दोघांची ही हसरी प्रेमकथा आपल्या वतीने बोलेल, अशी त्याची समजूत होती.

ती समजूत साफ चुकली होती. दंतवैद्य विमानतळावर धावला, फुलवाली विमानात चढली नाही आणि दिवे लागले.

"उठा, एनार," ग्रंथपाल आर्लिस म्हणाली. "आज तुमची पाळी."

"हा बोलणार?" मागून डेल्मर ओरडला. "थांबा, कानातलं यंत्र नीट लावू द्या मला!"

एनार उठला. त्याने समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"चांगलं म्हणजे..." तो खाकरला. "ते स्वयंपाकघर. दोघांना एकमेकांचं चुंबन घ्यायचंय, आणि आधी चष्मे कुठे ठेवायचे तेच सुचत नाही. मग दुसऱ्या दिवशी दोघं ते शोधत बसतात. आपल्या वयाकडे कुणीतरी नीट पाहिलंय, असं वाटलं तिथे. कुचेष्टा न करता."

"ते छानच होतं," लवॉन म्हणाली.

तिने मध्ये बोलायला नको होतं. पुढचं सगळं त्याने मनात जुळवून ठेवलं होतं, अगदी निरुपद्रवी: लांबलेला मध्य, कर्कश संगीत. ते सगळं उडालं. डोक्यात उरली ती अंगणातली पाटी.

"आणि उणं?" आर्लिसने विचारलं.

"तो घाबरत नाही." एनारला स्वतःचाच आवाज परका वाटला. "एवढ्या लोकांसमोर उभा राहतो आणि हात कापत नाही त्याचा. इतकी वर्षं एकटा राहिलेला माणूस साधा फोन उचलायलाही भ्यायला असता. ती नाही म्हणाली तर गुरुवारही हातचा जाईल, म्हणून."

"सिनेमात गुरुवार कुठे होता?" डेल्मर म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

एनारने खुर्चीची पाठ सोडली नाही. इथेच थांबायला हवं होतं. पण थांबायचं कसं, तेही कळेना. "आणि शेवट. ती जाणार नाही हे बघणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. म्हणून हसता येतं. मला ठाऊक नाहीये."

तो मटकन खाली बसला. शेजारी पाहायची छाती झाली नाही. मंडळी घाईघाईने कॉफीकडे वळली आणि थंडीबद्दल बोलू लागली.

टेबलावर लवॉनने केलेल्या लिंबाच्या वड्यांपैकी एकच उरली. शेवटची वडी उचलणं गावात हावरटपणाचं समजत, म्हणून जो येई तो तिची अर्धी कापून घेई आणि अर्धी ठेवून जाई. शेवटी नखाएवढा तुकडा राहिला. एनार भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत उभा होता, तेवढ्यात लवॉन समोर आली. शाळेची बस चालवून चालवून खणखणीत झालेला तिचा आवाज आता खाली आला होता.

"उचल."

"नको. तू घे."

"दर वेळी अर्ध्याचं अर्धं करून पळतोस. एकदा तरी आहे तेवढं सगळं घे ना."

त्याने तुकडा उचलला. हात इतका कापत होता की पिठीसाखर तिच्या बाहीवर सांडली. तिने ती झटकली नाही.

"बहिणीला मी येते म्हणून सांगितलंय, एनार."

त्याने तुकडा तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागणार नाही.

"पण नुसती पाटी लागलीय, घर विकलेलं नाही अजून. आणि ऐक, एकटा तूच घाबरलेला नाहीस. शनिवारी जेवायला ये. चष्मा सांभाळून आण."

ती कपबशा आवरायला गेली. शनिवार परवाच होता. पण मध्ये अख्खा शुक्रवार होता, आणि तो कसा काढायचा या विचाराने एनारला पुन्हा घाम फुटला.