अभिमन्यूबाबांचा मंत्र

“बाबा, बसा हितं. मंतर घाला आदी,” म्हणत बजरंगने आईला मारुतीच्या पारावर टेकवलं.

सुंदरबाईंचा उजवा पाय पोटरीपर्यंत सुजला होता. सोयाबीन काढताना घोणस चावली होती. बजरंगने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे कोणता साप हा वादच नव्हता. पारासमोर फिरोजची जीप तालुक्याला, केजला जाणाऱ्या सीटा भरत उभी होती.

“मंतर घालतो की,” अभिमन्यूबाबा म्हणाले, “पण जीपमदी. चल, उचल आईला.”

सापाचं विष उतरवणं बाबांच्या घरात तीन पिढ्यांपासून होतं. आजोबा उतरवायचे, वडील उतरवायचे, आता सदुसष्टाव्या वर्षी बाबा. नागपंचमीला गावातला पहिला नारळ यांच्या उंबऱ्यावर फुटायचा. असा मान असला की माणसाने गप बसून तो भोगावा. पण बाबांना एक खोड होती. त्यांना कुठलीही गोष्ट अर्धवट कळलेली चालायची नाही. आणि एक गोष्ट त्यांना वर्षानुवर्षं अर्धवटच कळली होती. एकाच मंत्राने एक माणूस उठून बसतो आणि दुसरा मरतो, असं का?

पाच वर्षांपूर्वी शेजारच्या गावातला एक जण त्यांच्याकडे न येता थेट केजच्या सरकारी दवाखान्यात गेला आणि बरा झाला. बाबांना राग यायला हवा होता. त्याऐवजी ते मंगळवारचा बाजार सोडून दवाखान्यात गेले आणि सत्यशीला सिस्टरना म्हणाले, “तुमी कोणता मंतर घालता, ते बघायला आलो.”

सिस्टर हसल्या, पण त्यांनी दाखवलं. चावलेल्या माणसाचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी आडवी करायची. रक्त गोठलं नाही, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय. बाबा वीस मिनिटं त्या नळीकडे बघत बसले. पुढच्या मंगळवारी परत आले. त्याच्याही पुढच्या मंगळवारी आले. “बाबा, आता तुमची ड्युटीच लावते,” सिस्टर चिडवायच्या. भिंतीवरच्या सापांच्या तक्त्यासमोर उभं राहून बाबा एकेक अक्षर लावत वाचायचे. धामण बिनविषारी. दिवड बिनविषारी. तस्कर बिनविषारी. मंत्राने उठून बसलेल्यांना याच जातींचे साप चावले होते. आपण वाचवलेली माणसं मुळात मरणारच नव्हती, हे ज्याला साठी उलटल्यावर कळतं त्याने घरी जाऊन काय सांगायचं? त्यांनी काहीच सांगितलं नाही. दोन दिवस जेवले नाहीत, इतकंच.

मग त्यांनी एक युक्ती काढली. चावलेल्याला जीपमध्ये घालायचं, शेजारी बसून दवाखान्यापर्यंत मंत्र म्हणायचा. मंत्रासाठी लोक जीपमध्ये बसायचे आणि औषधाने बरे व्हायचे. अशी अकरा माणसं वाचली. मंत्र खोटा आहे हे बाबांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

“जीपमदी न्हाई,” बजरंग म्हणाला. “आबाच्या येळंला तेच झालतं. मंतर अर्दा सोडून टेंपोत घातलं, मंतर मोडला, आन् आबा गेला. आईला मी हितून हलू देणार न्हाई.”

पारावरची माणसं माना डोलवू लागली. बावीस वर्षांपूर्वीचं सगळ्यांना ठाऊक होतं. बजरंगचा बाप रामप्रसाद साप चावल्यावर दोन तास या पारावर बाबांच्या पुढ्यात पडून होता. शेवटी भावांनी त्याला उचललं आणि तो वाटेतच गेला. मंत्र मोडला म्हणून गेला, असं गाव म्हणत आलं. पण ते पहिल्यांदा म्हणालं होतं कोण? बाबाच. तेव्हा त्यांना स्वतःलाही ते खरं वाटलं होतं. गेली पाच वर्षं वाटत नव्हतं, तरी बोलणं परत घ्यायला जीभ उचलली नव्हती.

सुंदरबाई वाकून थुंकल्या. थुंकी लाल होती.

“हिरड्यातनं रगत यायलंय,” बाबा म्हणाले. “येळ न्हाई बजरंग. उचल.”

“मंतर घाला की मंग! कावून घालंना तुमी? आपलं बांदावरनं भांडण हाय म्हणून का?”

बाबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

“मंतर मोडला न्हवता, बजरंग. मंतरात कायबी न्हवतंच. तुज्या बापाला उचलायला उशीर झाला, आन् तो माज्यामुळं झाला. मी दोन तास त्याला आडवून धरलं.”

बजरंगने बाबांचा सदरा मुठीत धरला, तेव्हा कोणी मध्ये पडलं नाही.

“बजरंग,” सुंदरबाई म्हणाल्या, “सोड त्येला. मला उचल. ह्येचं काय त्ये मागून बगू.”

फिरोजने सगळ्या सीटा उतरवल्या आणि जीप चालू केली. बाबा न विचारताच मागे चढले. “पाय हालवू नगा. काय बांदू नगा,” एवढं ते बोलले. अकरा वेळा याच रस्त्याने त्यांनी मंत्र म्हटला होता. आज जिभेवर काहीच येईना.

दवाखान्यात पोचताच रक्त घेतलं, आणि वीस मिनिटांनी सिस्टरनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. लगेच सलाईन लागलं, त्यातून औषध सुरू झालं. बजरंग आत, बाबा बाहेरच्या बाकावर. दुपारचा चहा आला तो बजरंगने घेतला, बाबांना विचारलं नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा वीस मिनिटं. सिस्टरनी नळी हळूच वाकडी केली, मग पार उलटी केली. रक्त गोठून तळाशी गच्च बसलं होतं. “आल्या तुमच्या आई परत,” त्या बजरंगला म्हणाल्या. तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. मग तोंड धुतलं आणि बाकापाशी आला.

“आबाच्या टायमाला हे औषद होतं का हितं?”

नाही म्हणणं सोपं होतं. कोण बघायला जाणार होतं?

“होतं,” बाबा म्हणाले.

“तुमाला ठावं होतं?”

“न्हाई.”

“मंग?”

“इचारलंच न्हाई मी कुणाला. इचारायचं सुचलंच न्हाई. आख्ख्या पंचक्रोशीत मलाच कळतंय असं वाटायचं.”

बजरंग एक पाऊल पुढे आला. मारील, असंही बाबांना वाटलं. पण तो वळला आणि बाहेर जाऊन फिरोजला म्हणाला, “चल. गावाकडनं आईची कापडं आन् भाकरी आणू.”

“बाबांना घ्यायचं न्हवं?”

“न्हाई.”

जीप फाटकातून गेली. गावात आता काय चाललं असेल, हे बाबांना न सांगता कळत होतं. यंदाच्या नागपंचमीला नारळ फुटला तो शेवटचा. ते उठले, पागोटं बांधलं, स्टँडकडे जायला निघाले आणि दाराशी जाऊन परत फिरले. सत्यशीला सिस्टर नळ्यांचा ट्रे उचलत होत्या.

“सिस्टर, एक इचारू? मण्यार चावली तर रगत गोठतं का?”

“गोठतं, बाबा. मण्यारीत नळीवर भरवसा ठेवायचा नाही. पापण्या बघायच्या. माणसाला डोळे उघडता येत नाहीत.”

“पापण्या,” बाबा म्हणाले. दोनदा मान हलवली आणि शेवटची गाडी गाठायला झपाझप चालू लागले.