मार्शलचा बारावा चमचा

उज्ज्वलाताई टिपणीसांच्या कोलकात्यातल्या बालीगंजच्या फ्लॅटवर कुणी आलं की चहाच्या आधी चमचे दाखवले जात. साधेसुधे नव्हेत, एका हुकूमशहाचे. मार्शल ड्रोबेक त्याचं नाव. त्याचा देशही आता नकाशावर उरलेला नाही, पण एके काळी हा गृहस्थ नुसता शिंकला तरी राजधानीत दारं लागायची म्हणे. स्वतःच्या नावाची हौस तर विचारू नका! दिसेल त्या वस्तूवर कोल्ह्याच्या शेपटीत गुंफलेला इंग्रजी डी कोरून ठेवलेला. शेवटी लोक उठले, मार्शल संपला आणि त्याचा भाचा चांदीने भरलेली ट्रंक घेऊन कोलकात्यात येऊन राहिला. ती चांदी पुढे शहरभर पांगली.

ताईंनी एकाच जुन्या दुकानदाराकडून दहा वर्षांत अकरा चमचे मिळवले आणि गेल्या महिन्यात बारावा. डझन पुरा झाला. शहरातल्या संग्राहकांच्या मंडळाने रविवारच्या प्रदर्शनात त्यांना स्वतंत्र काचेचं कपाट देऊ केलं. अट एकच, चमचे अस्सल असल्याची उदय सान्यालांची सही हवी.

जुन्या चांदीच्या बाबतीत उदयबाबूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बुधवारी बेहालातल्या आपल्या घरी त्यांनी बारावा चमचा भिंगाखाली धरला, तराजूत घातला आणि मान हलवली.

"बौदी, हा नकली आहे," ते आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाले. बौदी म्हणजे वहिनी. "डी बरोबर, छाप बरोबर. पण बाकीच्यांपेक्षा पाच ग्रॅम हलका. आणि हे टोक बघा, एका बाजूने झिजून सपाट झालंय. मार्शलच्या मेजावर ही चांदी वर्षातून तीनदा निघायची. झिजेल कशी? जुना दिसावा म्हणून कुणीतरी घासलाय. आणि त्या दुकानातला एक खोटा निघाल्यावर उरलेल्या अकरांवर मी कुठल्या तोंडाने सही करू?"

दहा वर्षांची हौस एका चमच्यापायी पाण्यात! चमचा उदयबाबूंकडेच टाकून ताई तणतणत घरी आल्या. त्यांचे यजमान श्यामकांतराव बँकेतून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी चिडलेल्या ग्राहकांची समजूत घातली होती, पण घरात ही विद्या कधी चालली नाही.

"अगं, चमचाच तो. आपल्याकडे पन्नास आहेत."

"अहो, तुम्ही गप्प बसा!"

राग आला की ताई दूध आटवतात. गुरुवारी सकाळी त्यांनी तीन लिटर दूध गॅसवर ठेवलं आणि तासभर ढवळत राहिल्या. यजमान लांबूनच अंदाज घेत होते; तीन लिटर म्हणजे प्रकरण गंभीर. बासुंदी भांड्यात ओतून झाली आणि पातेल्याच्या तळाशी चिकटलेली, खमंग, तांबूस खरवड उरली. ती काढायचा चमचा ठरलेला. लग्नात आलेल्या स्टीलच्या सेटमधला, नागपूर, भोपाळ अशा सगळ्या बदल्या पचवून इथवर आलेला. ताईंनी तो पातेल्यात फिरवला आणि त्यांचा हात थबकला.

त्या चमच्याचं टोक डाव्या अंगाने झिजून सपाट झालेलं होतं. अडतीस वर्षं खरवड काढून काढून.

"अहो!" ताई ओरडल्या. "माझा चमचा खरा आहे!"

कुठला, हे विचारायची श्यामकांतरावांना सवड मिळाली नाही. अर्ध्या तासात ताई पातेलं टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन बेहालाच्या ऑटोत बसलेल्या होत्या.

"ए की, बौदी!" हे काय, म्हणून दार उघडून उदयबाबू बघतच राहिले.

"तो चमचा आणा," ताईंनी पातेलं त्यांच्या टेबलावर ठेवलं, "आणि खरवडा."

उदयबाबूंनी चांदीचा चमचा उजव्या हातात धरून पातेल्यात घातला. झिजलेली कड तळाला अशी चिकटून बसली की मध्ये कागद सरकला नसता. एकदा खरवडलं. पुन्हा खरवडलं. तिसऱ्या खेपेला वर आलेली जाड साल नकळत तोंडात गेली आणि साठी उलटलेले उदयबाबू डोळे मिटून उभे राहिले.

"चाँछी!" ते म्हणाले. खरवडीला बंगालीत हेच नाव. "यावरून मी आणि माझी दीदी मारामाऱ्या करायचो."

"आता सांगा. नकली करणारा माणूस बाकीच्या अकरांसारखाच बारावा करेल, की एवढा झिजवून स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेईल?"

उदयबाबूंनी चमचा धुतला आणि भिंग घेतलं. कड गोलसर, गुळगुळीत. कानशीची एकही रेघ नाही. त्यांनी हात जोडले. "चुकलो, बौदी. अस्सल आहे. पण मार्शलच्या चमच्याने पातेलं खरवडणारा तो कोण? बंगालीच असणार! भाच्याचा इथला आचारी."

"किंवा राजवाड्यातली एखादी स्वयंपाकीण," ताई म्हणाल्या.

भांडता भांडता दोघांनी पातेलं स्वच्छ केलं. मग उदयबाबूंनी प्रदर्शनातल्या कपाटावर लावायची चिठ्ठी लिहायला घेतली : मार्शल ड्रोबेक यांचे बारा चमचे. ताईंनी त्यांचा हात धरला.

"अकरा लिहा."

"बौदी! डझन मोडेल. यासाठी दहा वर्षं घालवलीत ना?"

घालवली होती खरी. पण ज्याला सगळा देश टरकून होता, त्याच्याच नावाच्या चमच्याने कुणीतरी रोज मजेत खरवड खात होतं, पाच ग्रॅम चांदी झिजेपर्यंत. त्या न पाहिलेल्या माणसाचा ताईंना एकदम लळा लागला होता.

"आमच्याकडे म्हणतात, कसेल त्याची जमीन," त्या म्हणाल्या. "मग खरवडेल त्याचा चमचा."

"लांगोल जार, जोमी तार," उदयबाबू हसले. "नांगर ज्याचा, जमीन त्याची. आमच्याकडेही हेच म्हणतात." आणि त्यांनी बाराचे अकरा केले.

रविवारी अकरा चमचे मखमलीवर ओळीने लखलखत होते. बारावा शेजारी, वेगळ्या कापडावर. त्याची चिठ्ठी ताईंनी स्वतः लिहिली होती : 'मार्शलच्या घरी पातेलं खरवडणाऱ्या कुणाचा तरी. नाव कळलेलं नाही.' लोक अकरांवरून नजर फिरवून पुढे येत, बाराव्यापाशी वाकत आणि हसत. मग प्रत्येकाला आपल्या घरातली चाँछीची भांडणं सांगायची असत. ताईंचा घसा बसला, पण त्या खुर्चीवर टेकल्या नाहीत. मार्शलबद्दल दिवसभरात कुणी एक प्रश्न विचारला नाही.