गाळणीखालचं निकेल

बाटलीत पुन्हा भुकटीच पडली होती. नारिंगी, मऊ, निरुपयोगी. तिने झाकण लावलं आणि ती स्टुलावर नुसती बसून राहिली.

अल्डिहाइड आणि अमाइन जोडून शिफ बेस बनवायचा, त्याच्या कवेत निकेलचा अणू बसवायचा. एवढं तिला आता झोपेतही जमलं असतं. अडत होतं ते पुढे. निकेल नेमकं कसं बसलंय हे क्ष-किरणांनी बघायला एक तरी धड स्फटिक हवा होता. त्याशिवाय प्रबंध या वर्षी पुढे पाठवणार नाही, असं सरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि बनवलेला शिफ बेस या खेपेला संपला होता.

"उघडून बघितलंस ना परत?" शेजारच्या टेबलावरून काकाने विचारलं. तिच्याच वयाचा, पण केस लवकर पिकल्यामुळे सगळ्या प्रयोगशाळेचा काका.

"एकदाच."

"सकाळी एकदाच, दुपारी एकदाच. अगं, दूध तापत ठेवलंय का ते? झाकण काढलंस की मिथेनॉल भराभर उडतं. मग भुकटी नाही तर काय पडणार?"

"बघितल्याशिवाय राहवत नाही रे."

"मग बस आता भुकटी बघत."

भांडायचंही त्राण नव्हतं. निदान भांडी तरी घासावीत म्हणून ती बेसिनपाशी गेली. मागच्या खेपेची भुकटी गाळलेला फ्लास्क तिथे तसाच पडला होता, नरसाळं अजून तोंडात बसलेलं. ते काढायला तिने हात पुढे केला आणि थांबली. तळाच्या द्रवात, काचेला धरून, लालभडक सुया वाढल्या होत्या.

"काका, इकडे ये. हळू ये."

तो वाकला. "हे कधी लावलंस?"

"लावलं नाही. घासायचा कंटाळा केला."

"प्रबंधात असं लिहू नकोस, बाई. मिथेनॉल सावकाश उडू दिलं, असं लिही."

सुया कोरड्या पडल्या तर त्यांचा चुरा व्हायचा, म्हणून तिने फ्लास्कच उचलून क्ष-किरण यंत्राच्या खोलीत नेला. ऑपरेटरबाईंनी एक सुई तेलाच्या थेंबात घेतली, यंत्रावर चढवली. कितीतरी वेळाने पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "क्ष-किरणांचे ठिपके छान येतायत. अणूंची रचना सुटेल तुमची."

बाहेरच्या बाकावर बसून तिने फोन लावला. "आई, आले एकदाचे."

"कोण गं?"

"स्फटिक."

"हो का! सुटलीस बाई. मग आवाज असा का? हस की जरा."

"हसेन गं. आधी झोपते."