मोजणीच्या दिवशी माझ्याकडे कुणी फिरकलंच नाही

मी फट बोलतेय. दाराची नव्हे, भिंतीचीही नव्हे. पाथर्डी फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुभाजकातली. अंगाने किडकिडीत आहे. सडपातळ माणूस माझ्यातून सरळ जातो, पोट सुटलेला तिरका होऊन जातो.

माझा जन्म एका टेम्पोमुळे झाला. लासलगावहून कांदे घेऊन आलेला तो टेम्पो दुभाजकावर आदळला. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही. लोकांनी त्याला पाणी पाजलं, सांडलेले कांदे गोळा करून दिले. म्हणजे बरेचसे दिले. तुटलेला दुभाजक मात्र कुणी सांधला नाही, म्हणून मी जगले.

त्याआधी पलीकडे जायचं तर पार चौकाला वळसा पडायचा. समोर दिसणाऱ्या दुकानातून कोथिंबीर आणायला माणसं स्कूटर काढायची. हर्षल नावाचा एक तरुण तर समोरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला आजही कारने जातो. चालण्याआधी दमायला नको, असा विचार असेल बिचाऱ्याचा.

माझ्या सगळ्यात लाडक्या म्हणजे चंद्रभागाबाई. त्यांची बहीण लंकाबाई समोरच्या इमारतीत तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेली. चंद्रभागाबाई रोज सकाळी फडक्यात भाकरी बांधून, दुखरे गुडघे सांभाळत माझ्यातून जातात. मग खिडकीतून आवाज येतो, "लंके, हळू! हात भाजंल!" ते ऐकलं की मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटतं. चौकातून गेलं तर भाकरी गार होते, आणि गार भाकरी लंकाबाईंना चावत नाही.

एक दिवस सरिता मॅडम आल्या. त्या रस्त्यांचे आराखडे करतात. जवळच्या कामांना लोकांनी पायी नाहीतर सायकलने जावं, ही त्यांची धडपड. मला बघून त्या आपल्या मदतनिसाला म्हणाल्या, "मयूर, इथून किती लोक जातात ते मोज. भरपूर असतील तर पट्टे मारू, सिग्नल बसवू. नसतील तर ही फट धोक्याचीच आहे, बुजवून टाकू."

मी निर्धास्त होते. लोक काय, माझेच!

मोजणीच्या दिवशी मयूर नारिंगी जॅकेट घालून, खुर्ची टाकून बसला. पलीकडच्या दत्तू चहावाल्याने त्याला पाहिलं मात्र, आणि हात हलवत ओरडला, "ओ, इकडून येऊ नका! दंडवाले बसलेत!"

झालं! सगळा परिसर एकाएकी शहाणा झाला. जो तो शिस्तीत चौकाकडे निघाला. दत्तूचं गिऱ्हाईकही त्यांच्याबरोबर गेलं. चंद्रभागाबाई रिक्षात बसल्या. दिवसभरात माझ्यातून गेलं एक कुत्रं, पण मयूरकडे कुत्र्याचा रकाना नव्हता. त्याने शून्य लिहिलं. मला रडू फुटलं.

आज सकाळी विटा आल्या. गवंड्याने पहिला थर लावला आणि सगळ्यांना चहाची तल्लफ आली.

"चहा कुठं मिळेल?"

"हा काय, समोर!"

मॅडम, मयूर, गवंडी, सगळे ओल्या विटा ओलांडून माझ्यातूनच गेले. दत्तूकडे ग्लास तोंडाला लावता लावता मॅडम थांबल्या.

"मयूर, आता परत कसं जायचं?"

"इथूनच की, मॅडम."

तेवढ्यात अलीकडे चंद्रभागाबाई येऊन उभ्या राहिल्या. हातात भाकरी, समोर विटा, पाय काही उचलेना. मॅडम धावत आल्या, त्यांना हात दिला.

"मावशी, रोज इथूनच जाता? मग मोजणीच्या दिवशी कुठे होतात?"

"तुम्ही दंड करीत व्हते ना! त्या दिवशी आम्ही लय गुणानं वागलो."

मॅडमनी कपाळावर हात मारला. गवंड्याला म्हणाल्या, "काढा त्या विटा." गवंडी कुरकुरला, पण त्याने काढल्या.

उद्या पुन्हा मोजणी आहे. मला हात नाहीत, तरी हात जोडून सांगते. नारिंगी जॅकेट दिसलं म्हणून पळू नका. उगाच गुणी होऊ नका. दोन्हीकडे बघा आणि नेहमीसारखे या. हर्षल, एक दिवस गाडी राहू दे रे बाबा.

चंद्रभागाबाईंची तयारी मात्र झाली आहे. आत्ताच खिडकीतून आवाज आला, "लंके, उद्या पोटात जागा ठेव! दिवसभर एकेक भाकरी घेऊन येणार हाय मी."