चारही टेबलांवर मोर्शीवाला

मी योगेशभाऊंचा मोबाईल बोलतोय. अकोल्यात त्यांचं हारफुलांचं दुकान आहे, तिथं झेंडूच्या पाटीशेजारी माझी जागा. खरं सांगू का, आज मला तोंड दाखवायची लाज वाटते. आणि माझं तर कामच तोंड दाखवायचं!

कोणत्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतो तो पहिला फोन. भाऊंच्या बायकोनं, रागिणीवहिनींनी, तो आपल्या मोठ्या बहिणीला, मोर्शीच्या शकुनताईंना लावला होता. "ताई, नवा घेतला वो!" तेव्हापासून रोज दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की दोघी बहिणी माझ्यातून बोलायच्या. भाजी काय केली, पोरं जेवली का, गुडघा कसा आहे. त्यात ऐकण्यासारखं काही नसायचं, पण मला ते फार आवडायचं.

मग पोकर आला. माझ्यावर अनोळखी लोकांशी खेळायचा पत्त्यांचा खेळ. पैशाचा नव्हे हं, खोट्या चकत्यांचा. जिंकलं तरी अर्धा चहा येत नाही त्यात. पण योगेशभाऊंना एक टेबल, म्हणजे एक डाव, पुरेना. माझ्या एवढ्याशा अंगावर ते एकदम चार टेबलं मांडायचे. वहिनी बोलत असल्या की "आटप ना लवकर" म्हणून हात पुढं.

एका दुपारी त्यांना दिसलं, चारही टेबलांवर एकच नाव बसलेलं: मोर्शीवाला.

पहिल्या टेबलावर या मोर्शीवाल्यानं चकत्यांचा ढीग पुढं सरकवला. योगेशभाऊंचे पत्ते चांगले होते, तरी ते घाबरले आणि त्यांनी डाव सोडला. तर त्या पठ्ठ्यानं आपले पत्ते उघडून दाखवले. हातात काही म्हणता काही नव्हतं! वर एक टोमॅटो फेकून मारला. चित्रातला हो, त्या खेळात तशी सोय असते. योगेशभाऊंचे कान लाल झाले.

तिथून सगळं बिघडलं. दुसऱ्या टेबलावर त्यानं पुन्हा ढीग सरकवला. "पुन्हा खोटंच फेकून राहिला," म्हणत भाऊंनी होत्या नव्हत्या तेवढ्या चकत्या लावल्या, आणि या वेळी त्याच्याकडे खरोखरच पत्ते निघाले. त्या हरण्याची धास्ती तिसऱ्या टेबलावर उतरली. जिंकणारा डाव हातानं सोडला. प्रत्येक टेबलाला आणखी चार-पाच माणसं होती, पण यांना एकटा तोच दिसायचा. बाकीचे आरामात यांच्या चकत्या गोळा करायचे. तो उठला की "भ्याला!" आणि येऊन बसला की "माह्याच मागं आला!" अरे बाबा, जागा रिकामी दिसली म्हणून बसला असेल! पण मी पडलो नुसता दाखवणारा.

मग एक दिवस भाऊ म्हणाले, "रागिणी, हा मोर्शीवाला आपला सहदेवच आहे."

सहदेवराव म्हणजे शकुनताईंचे यजमान, यांचे साडू. मोर्शीला संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे माल निवडायचं काम करतात. कधीतरी जेवताना गमतीनं म्हणाले होते, "साडभाऊ, तुमी लवकर तापता बाप्पा." ते यांच्या मनात रुतून बसलं होतं. शिवाय सासुरवाडीत कार्य असलं की मानाचा टोपी-दुपट्टा आधी थोरल्या जावयाला, मग यांना. ते दुखणं जुनंच. पण मोर्शीत काय एकच माणूस राहतो?

"कायच्या काय बोलता," वहिनी म्हणाल्या. "त्याईले गुलाम अन् राजा ओळखू येत नाही."

"तुले काय समजते! इचार तुह्या बहिणीले, आता कुठी आहेत थे?"

शकुनताई म्हणाल्या "बाहेर गेले," तर हे म्हणत, "पाहा, लपून खेळून राहिला." त्या म्हणाल्या "घरीच आहेत," तर हे म्हणत, "पाहा, पडल्या पडल्या खेळून राहिला." सुटका म्हणून नाही बिचाऱ्याची!

वलगावला वहिनींच्या माहेरी, भावाच्या मुलीचं बारसं होतं. सासऱ्यांनी, देवमनजींनी, रीतीप्रमाणे आधी सहदेवरावांना टोपी-दुपट्टा दिला. योगेशभाऊंचा चेहरा तिथंच उतरला. पंगत बसली. मी भाऊंच्या मांडीवर, चारही टेबलं उघडी. सहदेवराव मात्र बसले नाहीत. "जवाईबापू, तुमी नका ना वाढू," असं सगळे म्हणत असताना भाजीची बादली घेऊन निघाले. यांच्यापाशी वाकले.

"घ्या साडभाऊ, आज लाजू नका."

बस! भाऊ उसळले. "लाज तुमी धरा! दुपारभर लपून माह्यावर टोमॅटो फेकता, अन् इथं चार लोकांत साळसूद बनता? चोर आहा तुमी!"

पंगतीचे हात थांबले. शकुनताई पोळ्यांचं ताट घेऊन दारातच उभ्या राहिल्या. आणि नेमका त्याच वेळी मी थरथरलो. मोर्शीवाला दुसऱ्या टेबलावर खेळत होता. त्यानं चकत्या सरकवल्या आणि एक टोमॅटो फेकला.

सहदेवरावांच्या एका हातात बादली होती, दुसऱ्यात पळी.

हे फक्त योगेशभाऊंनी पाहिलं आणि मी पाहिलं. तेव्हाच म्हणायचं होतं, चुकलो. म्हणाले नाहीत. मला उपडं घातलं, पानावरून उठले आणि वहिनींना घेऊन सरळ अकोल्याला आले.

त्यानंतर दुपारचा फोन बंद पडला. वहिनी लावायच्या, मी वाजत राहायचो, तिकडून कोणी उचलायचं नाही. वहिनी भांडल्या नाहीत. नवऱ्याशी कामापुरतं बोलायच्या आणि हार ओवत बसायच्या. भाऊंनी खेळ काढून टाकला. माझं अंग हलकं झालं, पण जीव नाही झाला.

आज त्यांनी स्वतः नंबर लावला. सहदेवरावांनी उचलला.

"साडभाऊ," भाऊ म्हणाले. "तो तुमी नव्हते. मले तवाच समजलं होतं, पंगतीतच. पण मी बोललो नाही. लाज वाटून राहिली."

 मग सहदेवराव सावकाश म्हणाले, "मी नव्हतो, हे मले मालूम आहे. पण तुमाले मी तसा वाटलो कशापायी?"

भाऊंनी मला कानाशी घट्ट धरलंय.  दुसऱ्या हातानं झेंडूच्या पाकळ्या तोडताहेत. समोर वहिनींनी सुई थांबवली आहे.

फोन अजून चालू आहे. मला बोलता येत नाही, नाहीतर एवढंच म्हटलं असतं: सहदेवराव, ठेवू नका हो. थोडं थांबा. हा माणूस पहिल्यांदाच खरं उत्तर शोधून राहिला.